आजोबा फोनवर एवढ्या मोठ्याने का बोलतात?

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे सांगलीला राहायला आली होती. बाबा आतल्या खोलीत मोबाइलवर नागपूरच्या आत्याशी बोलत होते आणि आत्याच्या गुडघेदुखीची सगळी हकीकत आम्हाला बाहेर बसून ऐकू येत होती. भाचीने मला हळूच विचारलं, "मावशी, आजोबांना ऐकायला कमी येतं का गं?"

बाबांचे कान ठणठणीत आहेत. बाहेर फाटकाची कडी वाजलेली त्यांना आमच्याआधी कळते. पण नागपूर लांब आहे, म्हणून आवाज चढवायचा, ही सवय त्यांच्या अंगात चाळीस वर्षं मुरलेली आहे. मी भाचीला सांगितलं की ही ट्रंक कॉलची सवय. तिने विचारलं, "ट्रंक म्हणजे माळ्यावरची पत्र्याची पेटी ना?"

तिथून सुरू झालेलं बोलणं जेवणं होईपर्यंत चाललं. तिचे प्रश्न साधे होते, पण उत्तरं देताना मलाच कळलं की लहानपणी पाहिलेल्या या सगळ्या गोष्टींमागचं कारण आपण कधी शोधलंच नव्हतं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळांच्या घरी हेच प्रश्न येत असतील, म्हणून इथे जरा नीट मांडते.

ट्रंक म्हणजे पेटी नव्हे, खोड

दोन शब्द समजले की पुढचं सगळं सोपं आहे. पहिला एक्स्चेंज. गावातल्या प्रत्येक फोनपासून तांब्याच्या दोन तारा निघत आणि त्या सगळ्या गावातल्या एका इमारतीत जमा होत. ती इमारत म्हणजे एक्स्चेंज. तुमच्या तारा आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तारा एकमेकींना जोडून देणं हे तिचं काम. सुरुवातीला हे काम माणसं हाताने करत, नंतर यंत्रं करू लागली.

दुसरा शब्द ट्रंक लाइन. एका गावच्या एक्स्चेंजपासून दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजपर्यंत जाणारी वाट ती ट्रंक लाइन. इंग्रजीत झाडाच्या खोडालाही ट्रंक म्हणतात, आणि इथे तोच अर्थ आहे. घरोघरच्या तारा या डहाळ्या, आणि गावागावांना जोडणारं हे खोड.

मुद्दा असा की डहाळ्या पुष्कळ होत्या, पण खोड बारीक होतं. एसटी स्टँडवर यायला गावातून पन्नास वाटा असतात, पण नागपूरची गाडी दिवसातून एखादीच सुटते, तसं. शहरात हजार फोन असले तरी बाहेरगावी एका वेळी जेमतेम काही माणसं बोलू शकत. बाकीच्यांनी थांबायचं. म्हणून एसटीचं रिझर्व्हेशन करावं तसा कॉल 'बुक' करावा लागे.

कॉल बुक करायचा म्हणजे काय करायचं?

१८० फिरवलं की ट्रंक बुकिंगचा ऑपरेटर यायचा. त्याला गाव आणि नंबर सांगायचा. मग तो विचारायचा, "ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?" साध्या कॉलला कितीही वेळ लागू शकायचा. अर्जंटला पैसे दुप्पट, पण नंबर आधी लागायचा. लाइटनिंग तर अगदी जिवावरच्या प्रसंगासाठी; त्याचा दर सामान्य घराला परवडण्यासारखा नव्हताच.

शिवाय 'पीपी' करायचा का, हेही सांगायचं. पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन, अमुक एक माणूस. तो माणूस फोनवर आला तरच कॉल पुढे जायचा. नसला तर पूर्ण कॉलचे पैसे न पडता थोड्या फीवर भागायचं.

मग रिसीव्हर खाली ठेवायचा आणि वाट बघायची. दोन तास, चार तास, कधी अख्खी दुपार. या वाट बघण्याची मला अजून आठवण आहे. कोणी अंघोळीला जायचं नाही, कोणी बाहेर पडायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाचा फोन आला तर "ट्रंक लावलाय, ठेवतो" म्हणून तो ताबडतोब ठेवायचा. आई एका कागदावर बोलायचे मुद्दे लिहून काढायची: तब्येत, लग्नाची तारीख, मनीऑर्डर पोचली का. कारण आकारणी तीन मिनिटांच्या हिशोबाने व्हायची आणि वेळ संपत आली की ऑपरेटर मध्येच बोलायचा, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"

त्या तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट "हॅलो, ऐकू येतंय का?" यातच जायचं. का जायचं, ते आता पाहू.

मग ओरडावं का लागायचं?

तारेतून जाणारा आवाज म्हणजे विजेचा अगदी अशक्त प्रवाह. तार जितकी लांब तितका तो वाटेत विरत जातो. लांबच्या शेताला पाटाने पाणी सोडलं की टोकाला धार बारीक होते, तसंच. मग वाटेत आवाज पुन्हा मोठा करणारी यंत्रं का बसवत नसत? बसवत होते. पण ती हवी तितकी मोठी करता येत नसत, आणि खरी गोम इथेच आहे.

लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरच्या जवळ नेला की 'कूंऽऽ' असा कानठळ्या बसवणारा आवाज येतो. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. फोनच्या तारेतही हेच व्हायचं. लांबच्या मार्गावर जायचा आवाज आणि यायचा आवाज वेगवेगळ्या वाटेने नेता येत होता, पण आपल्या घरापर्यंत येणाऱ्या तारा दोनच. त्यामुळे जाणारा-येणारा दोन्ही आवाज शेवटच्या टप्प्यात एकाच जोडीवरून जात, आणि त्यातला थोडा उलटा फिरून परत जायचा. दोन्ही बाजूंना आवाज फार वाढवला तर मांडवातल्या माइकसारखी लाइन किंचाळायला लागे. म्हणून इंजिनिअर लांबच्या कॉलमध्ये आवाज मुद्दाम थोडा कमीच ठेवत. वाटेत जितकी एक्स्चेंजेस जास्त, तितकी घट जास्त. सांगलीहून नागपूरला थेट लाइन मिळाली नाही की कॉल दोन-तीन ठिकाणी जोडत जोडत न्यावा लागे, आणि प्रत्येक जोडाला आवाज थोडा थोडा झिजायचा.

दुसरं कारण आवाजाच्या पोताचं. माणसाच्या बोलण्यात बारीक-जाड सगळ्या पट्ट्या असतात. पण एका तारेवर, म्हणजे एकाच खोडावर, जास्तीत जास्त बोलणी बसवायची तर प्रत्येकाला जागा बेताचीच देता येते. म्हणून फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पाठवत. हर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदात हवा किती वेळा कंप पावते तो आकडा. शब्द समजायला एवढा पट्टा पुरतो, पण 'स', 'श', 'फ' या अक्षरांची सळसळ त्याच्या वर असते आणि ती कापली जायची. म्हणून फोनवर 'साठ' की 'आठ' हा घोळ व्हायचा. "आठ, आठ! सात आणि नऊच्या मधला आठ!" असं मी बाबांना ओरडून सांगताना ऐकलंय.

तिसरं कारण रिसीव्हरमध्येच होतं. त्या काळ्या फोनच्या बोलायच्या बाजूला कोळशाच्या बारीक कणांची एक डबी असायची. आपण बोललो की हवेच्या दाबाने कण जवळ-लांब होत आणि प्रवाह त्याप्रमाणे कमी-जास्त होई. साधी आणि टिकाऊ युक्ती. पण हवा दमट असली किंवा फोन बराच वेळ पडून राहिला की कण एकमेकांना चिकटून बसत आणि आवाज दबून जायचा. जुनी माणसं बोलायच्या आधी रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटत, ती उगीच सवय नव्हती. त्या धक्क्याने कण मोकळे होत.

आता भाचीचा खरा प्रश्न: ओरडून काही उपयोग व्हायचा का? थोडाच. ओरडल्याने तारेत प्रवाह किंचित जास्त जायचा, पण कोळशाच्या डबीतून आवाज फाटून जायचा आणि समोरच्याला शब्द आणखी कळेनासे व्हायचे. हळू आणि स्पष्ट बोललेलं जास्त पोचायचं. पण पलीकडचा आवाज इतका क्षीण यायचा की आपलाही तिकडे तसाच पोचत असणार, असं वाटायचं. मग दोघंही आवाज चढवत जात. हे काही अडाणीपण नव्हतं. कानाला जे कळायचं त्याला मनाने दिलेलं ते सरळ उत्तर होतं.

फोन मिळायलाच इतकी वर्षं का लागायची?

आमच्या गल्लीत फोन होता एका डॉक्टरांकडे आणि एका वखारवाल्यांकडे. बाकी सगळे अर्ज करून बसलेले. मुलगा पाळण्यात असताना केलेल्या अर्जावर तो कॉलेजला जाताना फोन आला, अशा गोष्टी घरोघरी ऐकायला मिळत आणि त्या खोट्या नव्हत्या.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात फोन होते जेमतेम ८० ते ८५ हजार. १९९१ पर्यंत ते सुमारे ५० लाख झाले, पण लोकसंख्या तेव्हा ८४ कोटींच्या पुढे गेली होती. म्हणजे साधारण १७० माणसांमागे एक फोन. आणि सुमारे २० लाख अर्ज रांगेत.

"सरकारी कारभार ढिला होता" हे उत्तर अर्धंच आहे. फोन ही बल्बसारखी एकेक करून वाढवता येणारी वस्तू नाही. समजा एक्स्चेंजमध्ये हजार जोडण्यांची सोय आहे. ती भरली की एक हजार एकावा फोन देण्यासाठी नवी यंत्रसामग्री आणून बसवावी लागते. तिच्यातला बराच भाग परदेशातून यायचा आणि परकी चलनाची तेव्हा सतत ओढाताण. त्यात फोन ही चैनीची वस्तू मानली गेली होती. पैसा आधी धरणांना, पोलादाला, शेतीला. मला स्वतःला हा क्रम पूर्ण चुकीचा वाटत नाही, पण फोन हा चैनीत मोडणारा नव्हता हे ओळखायला आपण फार उशीर केला. पहाटे बाळंतपणाला दवाखान्यात फोन लावता न येणं ही चैनीची अडचण नव्हे.

यंत्रात जागा असली तरी गल्लीपर्यंत आलेल्या केबलमधल्या जोड्या संपलेल्या असायच्या. मग अर्जावर 'टेक्निकली नॉट फीजिबल', म्हणजे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असा शेरा पडायचा. जास्त अनामत आधी भरून लवकर फोन मिळवायची 'ओन युअर टेलिफोन' नावाची योजनाही होती, पण ती रक्कम सगळ्यांच्या आवाक्यातली नव्हती.

लग्नपत्रिकेवरचे ते दोन अक्षरांचे कंस

ज्याच्याकडे फोन नाही, त्याचाही नंबर लग्नपत्रिकेवर छापलेला असायचा. नंबरापुढे कंसात 'पीपी'. म्हणजे हा नंबर शेजाऱ्यांचा आहे, हाक मारून बोलावतील.

आमचा पीपी नंबर वखारवाल्या काकांचा होता. नागपूरहून फोन आला की काकूंचा मुलगा पळत यायचा, "लवकर चला, नागपूर आहे!" आणि बाबा चपला न घालता धावायचे. ट्रंकचे सेकंद मोजले जात असायचे ना.

काकूंच्या घरात काहीही चाललेलं असो, आम्ही आत. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि फोनशेजारच्या डब्यात पैसे टाकायला बाबा कधी विसरले नाहीत. पण आमच्या घरातली प्रत्येक बातमी, चांगली-वाईट, आधी त्यांच्या बैठकीत कळायची आणि मग आमच्याकडे यायची. आजी गेल्याचं बाबांना वखारवाल्यांच्या दारात उभं राहून कळलं. रडायलाही त्यांना गल्ली ओलांडून घरी यावं लागलं.

नंबराआधीचा शून्य कुठून आला?

एसटीडी म्हणजे सब्स्क्रायबर ट्रंक डायलिंग, सोप्या भाषेत ऑपरेटरशिवाय आपणच लावलेला ट्रंक कॉल. भारतात हा पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाला. मग हळूहळू एकेक गाव जोडलं गेलं.

यातला पहिला शून्य हा एक्स्चेंजला दिलेला निरोप आहे: "मला गावाबाहेर जायचंय, खोडावर सोड." त्यानंतर गावाचा नंबर. दिल्ली ११, मुंबई २२, कलकत्ता ३३, मद्रास ४४. पहिल्या आकड्यावरून साधारण दिशा कळते: १ उत्तरेचा, २ पश्चिमेचा, ३ पूर्वेचा, ४ दक्षिणेचा. सांगली २३३, नागपूर ७१२. तोच शून्य अजून गेलेला नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना तो पुन्हा सक्तीचा झाला.

गोल तबकडीचा फोन आकडे कसे सांगायचा, हे भाचीला सर्वांत आवडलं. बोट घालून तबकडी फिरवली आणि सोडली की ती परत येताना तारेतला प्रवाह तोडत-जोडत यायची. १ ला एकदा, ५ ला पाचदा, ० ला दहादा. एक्स्चेंज ते खटके मोजायचं. ट्रंकचं बिल येऊ नये म्हणून पुष्कळ घरी तबकडीला छोटं कुलूप लावलेलं असायचं. पण रिसीव्हर ठेवायच्या जागेवरचे खटके दाबूनही प्रवाह तसाच तुटतो. नीट लय धरून पाच टिचक्या मारल्या की एक्स्चेंजला '५' कळायचं. शेजारच्या दादाला हे जमायचं आणि आम्हाला ती जादू वाटायची.

आणखी एक युक्ती तुम्हीही केली असेल. मुंबईला पोचलेल्याने घरी फोन लावायचा, दोन रिंग झाल्या की ठेवायचा. पोचलो, हा निरोप फुकट. एसटीडीत मीटर पलीकडच्याने रिसीव्हर उचलल्यावरच फिरायला लागतं, म्हणून हे शक्य होतं. मोबाइलचा 'मिस्ड कॉल' तिथूनच वारशाने आला.

पिवळी पाटी आणि रात्रीची रांग

१९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा तिचा चेहरा झाले. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी १२८ जोडण्यांचं छोटं एक्स्चेंज बनवलं, जे धुळीत, उन्हाळ्यात, एअर कंडिशनशिवाय चालायचं. लहान गावांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. बाहेरून आणलेल्या यंत्रांना थंड, बंद खोली लागायची, आणि अशी खोली तालुक्याच्या गावी कुठून आणायची?

याच काळात पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ आले, म्हणजे बाहेरगावी आणि परदेशी फोन लावायचे सार्वजनिक बूथ. यातली कल्पना माझ्या मते फोनच्या इतिहासातली सर्वांत शहाणी होती: प्रत्येक घरात फोन देता येत नसेल, तर प्रत्येक कोपऱ्यावर द्या. बूथ चालवणाऱ्याला कमिशन मिळायचं, आणि पुष्कळ बूथ अपंग व्यक्तींना दिले गेले. काचेच्या पेटीत उभं राहून बोलताना समोर लाल आकड्यांत पैसे चढताना दिसत. गाव जितकं लांब तितके बिलाच्या एका युनिटमध्ये सेकंद कमी, म्हणून नागपूरचे आकडे पुण्यापेक्षा भराभर पळायचे.

रात्री ११ नंतर दर चौथाई व्हायचा. सवलत कशासाठी? खोडाची जाडी सकाळच्या गर्दीप्रमाणे ठरवावी लागते. रात्री तेच खोड रिकामं पडून राहतं, त्याचा खर्च मात्र तेवढाच. मग स्वस्त करून का होईना, वापरलेलं बरं. थंडीत मफलर गुंडाळून बूथबाहेर उभी असलेली ती रांग, नोकरीसाठी बाहेर पडलेली मुलं आणि हॉस्टेलवरच्या मुली, ही या हिशोबातून उभी राहिलेली होती.

"पण तेव्हा माणसं जास्त जवळ होती ना?"

हा आक्षेप मला दरवेळी ऐकायला मिळतो आणि मी तो टाळणार नाही. तीन मिनिटांत माणसं महत्त्वाचंच बोलत, हे खरं. वाट बघितलेल्या आवाजाची किंमत वेगळी असते, हेही खरं.

पण त्या जवळिकीत न झालेले फोनही मोजायला हवेत. आत्या लग्न होऊन नागपूरला गेली त्यानंतर पहिल्या दोन वर्षांत तिचा आवाज आजीने एकदाच ऐकला. बाकी सगळं पोस्टकार्डावर, आणि पोस्टकार्ड सासरी सगळे वाचतात म्हणून त्यावर नेहमी "मी मजेत आहे". आज ती बाबांशी रोज अर्धा तास बोलते. गुडघ्याबद्दल, सुनेबद्दल, उगीचच. असं उगीच बोलता येणं हे मला त्या तीन मिनिटांहून जास्त मोलाचं वाटतं.

माळ्यावरचा फोन अजून चालेल का?

भाचीचा शेवटचा प्रश्न. आमच्याकडे तो काळा फोन जपून ठेवलेला होता. आता घरात तांब्याची तार नाही, काचेच्या तंतूची फायबर लाइन आहे. फरक असा की तांब्यातून एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची वीजही घरी यायची, म्हणून लाइट गेले तरी फोन चालू असायचा. काचेतून फक्त प्रकाश येतो. घरातली वीज गेली की फायबरचा डबा बंद, आणि फोनही.

डब्याला फोनची एक खाच होती. आम्ही फोन पुसून जोडला. भाचीने मोठ्या हौसेने तबकडी फिरवली, पण काही घडलं नाही. आमच्या डब्याला बटणाच्या फोनचे सूर समजतात, तबकडीचे खटके नाहीत. मग तिने स्वतःच्या मोबाइलवरून आमचा नंबर लावला.

घंटा वाजली. खरी घंटा, आत धातूवर धातू आपटणारी. बाबा आतून चष्मा शोधत आले, रिसीव्हर उचलला, दोनदा तळहातावर हलकेच आपटला आणि कानाला लावून मोठ्याने म्हणाले, "हॅलो! सांगली बोलतोय!"